पडद्यामागचा भार : प्रस्तावना

जुन्या चित्रपट-प्रक्षेपकाच्या विवर्धकाची, म्हणजे आमच्या कारागिरांच्या बोलीत प्रोजेक्टरच्या ॲम्प्लिफायरची, पाठ ज्याने कधी उघडून पाहिली असेल त्याला तेथे एका ओळीत बसविलेले चार स्क्रू आठवतील. एकाखाली ‘कॉमन’ असे लिहिलेले असते आणि उरलेल्या तिघांखाली ४, ८ आणि १६ असे आकडे असतात. पडद्यामागच्या स्पीकरच्या दोन तारांपैकी एक ‘कॉमन’ला जाते हे कोणीही सांगेल, दुसरी तार उरलेल्या तिघांपैकी कोणाला द्यावी, आणि का द्यावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. विषय इतका लहान वाटतो की त्यावर स्वतंत्र ग्रंथ कशाला, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. ती मलाही, लेखकाने हस्तलिखित माझ्या हाती ठेवले तेव्हा, क्षणभर आली होती. परंतु गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या एका तारेच्या जोडणीविषयी आपल्या मुलखात जितके बिनचूक ज्ञान हातोहात दिले गेले, तितकाच चुकीचा उपदेशही त्याच हातांनी दिला गेला, आणि दोहोंपैकी कशाचेही दप्तर कोणी ठेवले नाही, हे ध्यानात आले म्हणजे ती शंका उरत नाही.

हे पुस्तक नागपुरात लिहिले गेले याला कारण आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा चित्रपट-वितरणाचा एक स्वतंत्र मुलूख होता. प्रांताची राजकीय चौकट १९५६ साली मोडली तरी व्यापाराच्या बोलीत ‘सी. पी. बेरार’ हे नाव टिकून राहिले, आणि अमरावती व भुसावळ येथील कचेऱ्यांतून फिल्मच्या पेट्या रेल्वेने गावोगाव जात राहिल्या. नागपुरात टॉकीजचे माहात्म्य एवढे की व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावे टॉकीजवरूनच पडली. पण या पुस्तकाचे मूळ त्या पक्क्या इमारतींत नाही. चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते, महाशिवरात्रीला मार्कंड्याची, त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची. अशा यात्रांतून कनातीचा तंबू ठोकून, जनरेटर दूर उभा करून, कलेक्टरकडून मिळालेल्या अल्प मुदतीच्या परवान्यावर जे फिरते सिनेमे चालत, त्यांच्या मुक्कामी हे ज्ञान जन्मले. टॉकीजमध्ये स्पीकर एकदा बसविला की वीस वर्षे कोणी त्याकडे पाहत नसे. तंबूत मात्र तो दर मुक्कामी उतरवावा लागे आणि पुन्हा जोडावा लागे; पावसात एखादा भिजला तर तालुक्याच्या गावी मिळेल तो भोंगा आणून काम भागवावे लागे; आणि त्या भोंग्यावरचा आकडा स्क्रूखालच्या आकड्याशी क्वचितच जुळे. म्हणून टॉकीजच्या ऑपरेटरपेक्षा तंबूच्या ऑपरेटरला या विद्येची गरज अधिक पडली आणि त्याने ती अधिक खोलवर मिळविली.

विषयाचे शास्त्रीय मूळ पाहू गेले असता ते सिनेमात नसून तारायंत्रात व टेलिफोनात सापडते. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज पंडिताने १८८६ साली ‘इम्पीडन्स’ हा शब्द घडविला. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘संरोध’ म्हटले, आणि तो शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण साध्या रोधाला प्रवाहाची दिशा वा गती ठाऊक नसते. संरोध मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाच्या कंप्रतेबरोबर बदलत असतो, आणि स्पीकरच्या बाबतीत तर तो एका सुरासाठी एक व दुसऱ्या सुरासाठी दुसरा असतो. टेलिफोनच्या मैलोगणती तारांतून जाणारी क्षीण शक्ती वाया जाऊ नये म्हणून देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा संरोध समान ठेवावा, हा त्या क्षेत्रातील अभियंत्यांचा दंडक होता. अमेरिकेत बोलपट ज्या घराण्यांनी व्यवहारात आणला त्यांतील एक वेस्टर्न इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळेचे, म्हणजे टेलिफोनचेच. त्यामुळे समानतेचा तो दंडक बोलपटाच्या यंत्रांबरोबर चित्रगृहात आला, आणि तेथील परिस्थिती सर्वस्वी वेगळी असूनही लोकांच्या मनात रुजून बसला. दुसरे घराणे आर. सी. ए.चे, रेडिओचे. त्याची रीत अधिक मोकळी होती. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधील राइस व केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा स्पीकर सिद्ध केला, आणि आजवरचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच वंशातला आहे. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि पुढील वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा आपल्याकडील चित्रगृहांच्या मालकांपुढे ही दोन्ही घराणी एकाच वेळी उभी राहिली. कोणाचा विवर्धक, कोणाचा स्पीकर, आणि जोडणारा मिस्त्री मात्र कालपर्यंत मूकपटाचा हातदांडा फिरविणारा, असा तो काळ होता.

त्या मिस्त्रीची पहिली फसगत मीटरने होत असे, आणि ती आजही होते. स्पीकरवर १६ लिहिलेले आहे. मीटर लावावा तर काटा बारा-तेरावर थांबतो. मग स्पीकर जळालेला आहे, किंवा आकडा खोटा आहे, असा निष्कर्ष काढून चांगला स्पीकर बाजूला टाकला जातो. वस्तुतः मीटर मोजतो तो वेटोळ्याच्या तांब्याचा रोध. संरोध त्याहून निराळा असतो. स्पीकरचा पडदा ज्या खालच्या सुरावर आपसूक थरथरू लागतो तेथे संरोध कित्येक पटींनी उसळतो, मधल्या पट्ट्यात खाली येऊन छापील आकड्याच्या आसपास राहतो, आणि वरच्या सुरांकडे वेटोळ्याच्या प्रवर्तनामुळे पुन्हा चढू लागतो. तेव्हा १६ हा आकडा म्हणजे मोजलेले माप नसून एक ठोकळ नाव आहे, हे पहिल्याच पाठात शिकवावयास हवे. जुन्या विलायती स्पीकरांवर १५ लिहिलेले असते आणि अमेरिकन स्पीकरांवर १६, म्हणून हैराण होऊन पत्रव्यवहार करणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत. तो एका ओहमचा फरक म्हणजे दोन देशांच्या सवयींचा फरक, दुसरे काही नाही. त्याहून धोक्याची गोष्ट चार तारांच्या स्पीकरची. स्थायी चुंबक स्वस्त व जोरकस होण्यापूर्वी स्पीकरचे चुंबकत्व वेगळ्या वेटोळ्यात एकदिश प्रवाह सोडून निर्माण करीत. त्या ‘फील्ड’च्या तारा आवाजाच्या तारा समजून जोडल्या तर आवाज येत नाहीच, उलट विवर्धकाची हानी होते.

आता मुख्य मुद्दा. निर्वात नलिकेला, म्हणजे व्हॉल्व्हला, आठ किंवा सोळा ओहमचा भार थेट देता येत नाही; तिला हजारो ओहमचा भार हवा असतो. उदाहरणार्थ, ६व्ही६ ही नलिका एकटी, २५० व्होल्टवर काम करीत असता तिच्या निर्मात्याने ५,००० ओहमचा भार सांगितलेला आहे आणि तेवढ्या भारावर ती सुमारे साडेचार वॉट देते. मध्ये रोहित्र, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, घालावा लागतो तो यासाठी. वेढ्यांचे प्रमाण पंचवीसास एक ठेवले तर संरोध त्याच्या वर्गाने, म्हणजे ६२५ पटींनी, बदलतो. आठ ओहमचा स्पीकर नलिकेस पाच हजार ओहमसारखा भासतो. त्याच स्क्रूला चार ओहमचा स्पीकर जोडला तर नलिकेस अडीच हजार दिसतात, सोळाचा जोडला तर दहा हजार. विवर्धकाच्या पाठीवरचे ४, ८ व १६ हे आकडे म्हणजे ‘माझा संरोध एवढा आहे’ असे विवर्धकाचे निवेदन नव्हे. ‘येथे एवढ्याचा स्पीकर लावलास तर माझ्या नलिकेला तिचा नेमका भार मिळेल’ एवढीच ती हमी आहे. या भेदावर लेखकाने सर्वाधिक पाने खर्ची घातली आहेत आणि ते सर्वथा योग्य केले आहे, कारण जुळणी म्हणजे समानता असा टेलिफोनपासून चालत आलेला गैरसमज येथेच मोडून पडतो. त्रयाग्र नलिकेला, म्हणजे ट्रायोडला, कमीत कमी विकृतीसह जास्तीत जास्त शक्ती देण्यासाठी तिच्या अंतर्गत रोधाच्या साधारण दुप्पट भार लागतो. पंचाग्र नलिकेला तर तिच्या अंतर्गत रोधाहून पुष्कळच कमी. समान कोठेच नाही.

या सिद्धान्ताच्या पोटी जे पंथ निघाले त्यांचा परामर्श पुस्तकात सविस्तर आहे. मी येथे दोन-तीनच सांगतो. ज्यांनी मोठ्या चित्रगृहांसाठी शिंगांचे, म्हणजे हॉर्नचे, स्पीकर घडविले त्यांनी सोळा ओहम पसंत केले, आणि त्यामागे तांब्याचा हिशेब होता. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने विवर्धकापासून तीस मीटरवरचा पडदा गाठावयाचा तर जाऊन-येऊन साठ मीटर तार लागते आणि तिचा रोध एक ओहमहून किंचित अधिक भरतो. सोळाच्या स्पीकरपुढे हा एक ओहम सुमारे सहा टक्के शक्ती खातो. चारच्या स्पीकरपुढे वीस टक्के. ज्या काळी ३००बीसारखी प्रसिद्ध नलिका एकटी असता आठ वॉटच्या आसपास देई आणि तेवढ्यावर लहान चित्रगृहे चालत, त्या काळी वीस टक्के ही उधळपट्टी होती. शिंगांची कार्यक्षमता साध्या पेटीतील स्पीकरच्या अनेक पट असल्यामुळेच त्या आठ वॉटमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचत. हॉलंडच्या फिलिप्सने १९५०च्या दशकात याच्या अगदी उलट टोकाला जाऊन ८०० ओहमचे स्पीकर काढले, जेणेकरून रोहित्रच नको; कल्पना सुंदर होती, परंतु इतक्या बारीक तारेचे वेटोळे पुन्हा भरणे सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरचे, आणि म्हणून आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत तो पंथ रुजणे कठीणच होते.

आपल्याकडे रुजला तो तिसरा पंथ, लाइनचा. लग्नाच्या मांडवापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत आहुजाचे विवर्धक जेथे जेथे गेले तेथे ७० व १०० व्होल्टची लाइन गेली, आणि तंबूवाल्यांनी ती चटकन उचलली. हिची खुबी अशी की संरोधाचा हिशेब वॉटच्या बेरजेत उतरतो. शंभर व्होल्टच्या लाइनवर दहा वॉटचा म्हणून जो भोंगा जोडला त्याचा भार हजार ओहम. असे पाच जोडले की दोनशे ओहम, आणि पन्नास वॉटचा विवर्धक पुरेपूर भरला. ज्याला वर्गमूळ काढता येत नाही त्याला पाच दाहे पन्नास येतातच. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या माणसांनी विजेचे एक अवघड गणित या युक्तीने निर्धास्तपणे हाताळले, हे मी फार मोठे कौतुकाचे मानतो. तिची उणीवही सांगितली पाहिजे: प्रत्येक भोंग्यावरचे लहान, स्वस्त रोहित्र खालचे सूर गिळून टाकते, आणि तमाशापटातील ढोलकी त्यातून पत्र्यासारखी वाजते.

मग ट्रान्झिस्टर आला, आणि येथून खऱ्या अनर्थास प्रारंभ झाला. व्हॉल्व्हच्या विवर्धकाचा पहिला नियम असा की स्पीकर जोडल्यावाचून तो कदापि चालवू नये. भार नसता रोहित्राच्या आतील दाब भयंकर चढतो, वेढ्यांमधील वेष्टन फाटते, आणि रोहित्र कायमचे जाते. तारा एकमेकींस टेकल्या तर तो बहुधा सहन करतो. रोहित्राविना चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या विवर्धकाचे अगदी विपरीत: त्याला स्पीकर नसला तरी चालते, मात्र तारा टेकल्या, किंवा आठऐवजी दोन ओहमचा भार लागला, की प्रवाह बेसुमार वाढून त्याचे भाग जळतात. त्याच्यापुढे जुळणीचा प्रश्नच उरत नाही. छापील आकड्याहून कमी भार देऊ नये एवढेच पथ्य. सोळाचा स्पीकर आठच्या जागी लावला तर शक्ती निम्मी होते, कानाला तीन डेसिबेलचा फरक पडतो, इजा कसलीच होत नाही. एका पिढीने प्राणपणाने पाळलेला नियम दुसऱ्या पिढीच्या यंत्रास निरुपयोगी ठरावा आणि दुसरीचा नियम पहिलीच्या यंत्रास मारक ठरावा, असे दृश्य कारागिरीच्या इतिहासात मला अन्यत्र दिसलेले नाही.

याचे एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिले. एका शाळेच्या कपाटात १६ मिलिमीटरचा व्हॉल्व्हचा प्रोजेक्टर होता, झाकणातच स्पीकर असलेला. क्षेत्रीय प्रचाराच्या जीपगाड्यांतून फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट खेडोपाडी ज्या जातीच्या यंत्रांवर दाखविले जात त्यांतलाच. मुलांना केवळ चित्र दाखवावयाचे म्हणून तेथील उत्साही शिक्षकाने झाकण बाजूला ठेवले; आवाजाचे बटन मात्र पूर्ण वर राहिले होते. पंधरा मिनिटांत जळक्या वार्निशाचा वास आला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा रोहित्र संपलेले होते. त्या शिक्षकास ट्रान्झिस्टरचे यंत्र चांगले ठाऊक होते. तेथे हे चालत असे. त्याला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही. हा भेद त्याने वाचावा असे मराठीत एकही पान लिहिलेले नव्हते.

आमच्या हवेचाही या विषयाशी संबंध आहे, आणि परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांवर मोजलेले वेटोळे नागपूरच्या वैशाखात पंचेचाळीस अंशांवर नुसते पडून असले तरी दहा टक्क्यांच्या जवळपास जड झालेले असते; आणि तीन तासांच्या खेळात ते स्वतःच्या उष्णतेने दीडशे अंशांवर पोहोचले तर त्याचा रोध दीडपट होतो. रात्रीच्या दुसऱ्या खेळाला आवाज बसल्यासारखा वाटतो, ही जी ऑपरेटर मंडळींची जुनी तक्रार, तिचा एक उलगडा येथे आहे. दुसरी एक गोष्ट, हवेची नव्हे तर जोडणीची, वरच्या सुरांच्या भोंग्यापुढे लावलेल्या धारित्राची. पाचशे हर्ट्झच्या खालचे सूर अडविण्यासाठी सोळा ओहमच्या भोंग्यास सुमारे वीस मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. भोंगा बदलून आठ ओहमचा लावला आणि धारित्र तेच ठेवले तर सीमा हजार हर्ट्झवर सरकते, आणि संवादातील नेमके शब्द ज्या पट्ट्यात वसतात त्याचा खालचा भाग उजाड होतो. म्हणजे चूक जोडणीची, आणि प्रेक्षक म्हणतो की नटाचे उच्चार स्पष्ट नाहीत.

फिल्मची रिळे आता चित्रगृहात येत नाहीत. २००५ नंतर उपग्रहाद्वारे व संगणकाद्वारे चित्रपट पोहोचू लागले आणि पुढील दहा वर्षांत रिळांचा व्यवहार आटोपला. अखेरच्या तंबूंची हकीकत ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६च्या माहितीपटात महाराष्ट्राच्याच यात्रांतून चित्रित झालेली आहे. मग आज या विद्येचे प्रयोजन काय? मला ते पूर्वीपेक्षा अधिक वाटते. पूर्वी एक रोहित्र जळाले तर दुसरे मिळे. आज जे विवर्धक शाळांच्या कपाटांत, जुन्या टॉकीजच्या प्रोजेक्टर-खोल्यांत आणि हौशी संग्राहकांच्या घरी उरले आहेत, त्यांतील प्रत्येक रोहित्र शेवटचे आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून फिल्म राखत आहे, फिल्म हेरिटेज फाउंडेशनसारखी संस्था फिल्मच्या जतनाचे शिक्षण देत आहे. पण फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या रेघेत कोंडलेला आवाज ज्या यंत्रांसाठी योजिला होता त्या यंत्रांतून ऐकल्यावाचून पुरता कळत नाही, आणि ती यंत्रे राखण्याची तजवीज फारशी कोठे दिसत नाही. त्यातच जुन्या शिंगांच्या स्पीकरना संग्राहकांच्या बाजारात भाव आल्यामुळे ते विवर्धकापासून वेगळे होऊन दूरदेशी जात आहेत, आणि मागे राहिलेल्या विवर्धकाला आता कोणता भार द्यावा हा प्रश्न पूर्वी तंबूवाल्यापुढे होता तसाच नव्या रक्षकापुढे उभा आहे.

प्रस्तुत पुस्तकाने कोष्टके देऊन मोकळे होण्याचा मोह टाळला आहे. कोष्टके आहेत, आणि ती तपासून घेतलेली आहेत. परंतु प्रत्येक कोष्टकाआधी ते कोणत्या जातीच्या विवर्धकास लागू व कोणत्या जातीस लागू नाही, हे स्पष्ट बजावलेले आहे. लेखकाने हयातभर रोहित्रे भरली. वेढे मोजताना जे बोटांना कळले ते शब्दांत आणताना त्यांची भाषा कोठे कोठे अडखळते, आणि मी ती मुद्दाम तशीच राहू दिली आहे. ‘संरोध’ व ‘इम्पीडन्स’, ‘रोहित्र’ व ‘ट्रान्सफॉर्मर’ हे दोन्ही शब्द त्यांनी वापरले, कारण पहिला विद्यार्थ्यास हवा आणि दुसरा दुकानात. डिजिटल ध्वनीचा विचार त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे.

एका मुद्द्यावर आमचा मतभेद आहे आणि तो मिटलेला नाही. चार-चार ओहमचे तीन स्पीकर एकापुढे एक जोडून बारा ओहमचा भार झाला, आणि विवर्धक व्हॉल्व्हचा असला, तर तार आठच्या स्क्रूला द्यावी की सोळाच्या? लेखक सोळाच्या म्हणतात: नलिकेवरचा भार त्यामुळे ठरल्यापेक्षा कमी ओहमचा होतो, रोहित्रावरचा दाब चढत नाही, नलिका झिजेल, पण नलिका अजून विकत मिळते, रोहित्र मिळत नाही. मी आठच्या म्हणतो: तेथे विवर्धकाची स्पीकरवरील पकड अधिक घट्ट राहते आणि बोललेला शब्द अधिक स्वच्छ येतो, व दीडपट भार इतका मोठा नाही की रोहित्राने कच खावी. पुस्तकात दोन्ही मते शेजारी शेजारी छापली आहेत. वाचकाने आपल्या यंत्रावर दोन्ही जोडण्या करून पाहाव्यात आणि शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे. स्क्रू बदलताना मात्र वीज बंद करून, पहिल्याने आवाजाचे बटन पार खाली आणून ठेवावे.